फ्यूज का गेला?

पांढऱ्या चिनी मातीचा एक तुकडा, लांबी जेमतेम इंचभर, दोन्ही टोकं निमुळती. त्याच्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली धातूची पातळ पट्टी. पांढरा म्हणजे आठ अँपिअरचा, लाल म्हणजे सोळाचा. ज्यांच्या दारात फियाट उभी असे त्यांच्या घरात हे फ्यूज असायचेच. आमच्याकडे ते कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत असत आणि ती डबी डॅशबोर्डच्या खणात. प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या भरला का आणि फ्यूजची डबी जागेवर आहे का, हे दोन प्रश्न आमचे आप्पा एकाच दमात विचारायचे.

तेव्हा रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारी मुख्यतः दोन. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून येणारी हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी आधी फियाट ११०० म्हणून आणि १९७०च्या दशकापासून प्रीमियर पद्मिनी म्हणून बनवली. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. एकच गाडी फारसा बदल न होता वर्षानुवर्षं बनत राहिली, की तिच्याविषयीचं ज्ञान गावागावांत साचत जातं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, पुण्याच्या नाना पेठेत, हायवेवरच्या एखाद्या टपरीवजा गॅरेजमध्येही या गाड्यांची नस ओळखणारा कोणी ना कोणी भेटायचा. आणि गाडीचा मालकसुद्धा त्या ज्ञानात थोडाफार वाटेकरी असायचा.

फ्यूजपासूनच या शिक्षणाची सुरुवात होई. इंजिन उघडायला हत्यारं लागतात, ताकद लागते. फ्यूज बॉक्सचं झाकण मात्र मुलांच्या हातांनीही निघायचं. आत पितळी चिमट्यांमध्ये हे फ्यूज ओळीने अडकवलेले असत. त्यांचा एक स्वभाव होता. पावसाळी हवेने चिमट्यांवर आणि टोकांवर गंज धरला, की फ्यूज शाबूत असूनही करंट पुढे जाईना. मग फ्यूज जागच्या जागी बोटांनी दोनतीनदा गोल फिरवायचा. गंज घासला जाई आणि बंद पडलेला दिवा लागे. वेळ असेल तर पॉलिश पेपरने चिमटे साफ करून, थोडे आत दाबून पकड घट्ट करायची. सैल पकड फार वाईट, कारण सैल सांध्यापाशी उष्णता तयार होते आणि चांगला फ्यूजही तिथल्या तिथे वितळतो.

आंबा घाटातला जुलै महिना आठवावा. ढग खाली उतरलेले, समोरच्या काचेवर पाण्याचा पडदा आणि वायपर अर्ध्यातच थांबलेले. अशा वेळी आप्पा गाडी आतल्या बाजूला घेत आणि फ्यूजला हात लावण्याआधी म्हणत, “अजून काय काय बंद आहे, बघ.” हा प्रश्न फार मोलाचा होता. त्या गाड्यांत फ्यूज बोटांवर मोजण्याइतके असत आणि एकेका फ्यूजवर तीनचार गोष्टी चालत. वायपरबरोबर आणखीही काही बंद पडलं असेल, तर दोष त्या सगळ्यांच्या सामाईक फ्यूजमध्ये. एकटा वायपरच बंद असेल, तर मोटार, स्विच नाहीतर त्याची स्वतःची वायर. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच अर्धा तपास झालेला असे. शाळेत पुढे तर्कशास्त्र म्हणून जे शिकवलं गेलं, त्याचा पहिला पाठ मला गाडीच्या झाकणाखाली मिळाला होता.

डबीतले फ्यूज संपले असतील तर उसनवारी करावी लागे. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज दुसऱ्या जागेवरून काढायचा आणि इथे बसवायचा. पण काढायचा कुठून? घाटात हॉर्न लागतो. संध्याकाळ झाली की मागचे दिवे हवेतच. ब्रेकचा दिवा कधीच द्यायचा नाही, कारण तो मागून येणाऱ्यासाठी असतो. आतला दिवा किंवा सिगारेट पेटवायची जागा गेली तरी चालेल. ही निवड आप्पा आम्हाला मोठ्याने करायला लावत. गाडीत काय सोयीचं आहे, काय जिवाचं आहे आणि काय दुसऱ्याच्या जिवाचं आहे, याचा निवाडा त्या छोट्याशा खोक्यासमोर होत असे.

अँबेसेडरवाल्या काकांकडे काचेच्या नळीचे फ्यूज असत. आतली तार तुटलेली आहे की सलग आहे, ते उजेडासमोर धरलं की दिसे. पण जाणकार माणूस तार कशी तुटली आहे, तेही पाहायचा. काच स्वच्छ असेल आणि तार मध्येच वितळून छोटी फट पडली असेल, तर करंट थोडा जास्त, पण बराच वेळ वाहत होता. मोटार जड चालत असेल, नाहीतर एकाच लाइनवर जास्त भार पडला असेल. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर तार क्षणात उडाली आहे. म्हणजे कुठेतरी उघडी वायर थेट बॉडीला टेकली आहे. अशा वेळी नवा फ्यूज घालण्यात अर्थ नाही, तोही तसाच जाणार.

हे मला ज्यांनी शिकवलं, त्या चाचांचं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटंसं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दुकानात ॲसिडचा वास, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग आणि भिंतीवर लाल-पिवळ्या वायरींची वेटोळी. ‘गाडीचा फ्यूज उडतोय’ म्हणत कोणी आलं, की चाचा म्हणत, “फ्यूज बदलायला एक मिनिट लागतं बघा. का गेला ते शोधायला दिवस जातो.” त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे घरी बनवलेला टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर बॉडीला लावायची, दुसऱ्या वायरीचं टोक फ्यूजच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने टेकवायचं. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज ठीक, दोष पुढे. एकाच बाजूला लागला तर फ्यूज गेला. कुठेच लागला नाही, तर सप्लायच इथवर पोचलेला नाही, मागे शोधा. तीन शक्यता आणि तीन वाटा.

फ्यूज घालताक्षणी उडत असेल, तेव्हा चाचांची खरी करामत दिसे. ते फ्यूजच्या जागी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडत. शॉर्ट असेपर्यंत तो बल्ब भगभगीत पेटलेला राहायचा आणि सगळा करंट त्याच्यातून जात असल्यामुळे वायर जळायची भीती नसायची. मग चाचा डॅशबोर्डखालून, दरवाज्याच्या बिजागरीपासून, डिकीपर्यंत जाणारी वायरिंगची जुडी हाताने हलवत जायचे आणि मी बल्बवर नजर ठेवून बसायची. एखाद्या ठिकाणी हात लागताच बल्ब विझायचा. मी ओरडायची, “चाचा, गेला!” त्याच ठिकाणी पत्र्याच्या कडेला घासून सोललेली वायर सापडायची. इन्शुलेशन टेप, मग वायर पुन्हा घासू नये म्हणून रबराचं बूच, आणि त्यानंतरच नवा फ्यूज. तो मग वर्षानुवर्षं टिके.

रिलेची ओळख आवाजातून झाली. इंडिकेटर लावला की डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू यायची. ती फ्लॅशरच्या छोट्या डबीची. आत करंटने धातू तापायचा, संपर्क तुटायचा, धातू निवायचा, संपर्क पुन्हा जुळायचा. एखाद्या बाजूचा बल्ब गेला तर करंट कमी होई आणि टिकटिकीची चाल बदले. त्यामुळे गाडीबाहेर न उतरताही आप्पांना कळायचं, की डाव्या बाजूचा बल्ब बघायला हवा. डायनामोच्या गाड्यांत कटआऊट असे, तोही एका अर्थी रिलेच. डायनामो पुरेसा फिरू लागला की तो बॅटरीशी जोडून द्यायचा आणि गाडी थांबली की तोडायचा. त्याचे पॉइंट चिकटले तर उभ्या गाडीची बॅटरी उतरून जायची.

रिले मुळात हवा कशाला, हे चाचांनी मला हिशेबाने पटवलं. साध्या हॅलोजन दिव्याचा डिपर ५५ वॅटचा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे दोन दिव्यांचे ११० वॅट भागिले १२, नऊ अँपिअरच्या वर. बऱ्याच जुन्या गाड्यांत एवढा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जायचा. हौशी मंडळी १०० वॅटचे बल्ब लावत, तेव्हा तो सतरा अँपिअरच्या आसपास पोचे आणि स्विच तापून वितळे. रिले बसवला की स्विचकडे फक्त रिलेच्या गुंडाळीपुरता करंट उरतो, एका अँपिअरचाही छोटासा अंश. गुंडाळीचं लोहचुंबक होतं, ते आतली पट्टी ओढतं आणि मोठा करंट जाड वायरीतून थेट दिव्याकडे जातो. रिलेच्या बुडाशी कोरलेले आकडे त्यांनी पाठच करून घेतले होते. ८५ आणि ८६ ही गुंडाळीची दोन टोकं, ३० वर बॅटरीचा सप्लाय, ८७ वरून दिव्याकडे.

रिले तपासायची रीतही तितकीच सरळ. एकाने स्विच दाबायचा, दुसऱ्याने रिलेवर बोट ठेवायचं. बोटाला खट् जाणवलं तर गुंडाळी शाबूत आहे, दोष आतल्या पॉइंटमध्ये किंवा पुढच्या वायरीत. खट् आलं नाही, तर ८५-८६ ला सप्लाय आणि अर्थ मिळतोय का ते पाहायचं. दोन्ही मिळत असतील तर गुंडाळी गेली. शेजारी त्याच मेळाचा दुसरा रिले असेल, तर अदलाबदल करून खात्री करायची. त्या वेळी एवढं सगळं आमच्यासारख्या घरातल्या मुलांना येत होतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्या काळाचं एक वाईट अंगही सांगितलं पाहिजे. फ्यूज गेला आणि दुसरा नसला, की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून तोच पुन्हा बसवायची रीत सर्रास होती. कोणी वायरीची तारच वळून घालायचं, कोणी आठच्या जागी सोळाचा लाल फ्यूज. गाडी घरी पोचायची आणि लोक त्यालाच हुशारी समजायचे. फ्यूजचा आकडा ठरतो तो पुढच्या वायरीच्या जाडीवरून, वायरीला झेपेल त्याच्या आतच फ्यूज तुटला पाहिजे म्हणून. फ्यूज तुटायला तयार नसेल तर त्याच्या जागी वायर तापते, तिचं आवरण वितळतं, शेजारच्या वायरी चिकटतात आणि डॅशबोर्डमागे धूर निघतो. आम्ही काढलेल्या स्मृतींच्या गोड चित्रात हा धूर बहुधा नसतो, पण तो होता आणि त्याने गाड्या जळल्या.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मालकाच्या हातात पडली आणि पुढच्या दहाबारा वर्षांत सगळं चित्र पालटलं. फ्यूजही बदलले. अमेरिकेत लिटलफ्यूज कंपनीने १९७६ मध्ये आणलेला ब्लेडचा फ्यूज आपल्या गाड्यांत आला. पारदर्शक प्लॅस्टिक आणि दोन चपटे पाय. रंग पाहिला की अँपिअर कळावेत अशी सोय. पाचचा फिकट तपकिरी, साडेसातचा गडद तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा, पंचविसाचा रंगहीन, तीसचा हिरवा. माथ्यावर आकडा आणि दोन बारीक भोकं, ज्यांत टेस्टरचं टोक टेकवलं की फ्यूज न काढताच तपासता येतो. बॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा, जादा फ्यूज आणि ते उपटायला प्लॅस्टिकचा चिमटा. गंजाची कटकट जवळपास संपली.

मालकाच्या दृष्टीने सगळ्यात चांगला काळ कोणता असं विचाराल, तर माझ्या मते हाच, नव्वदीचा आणि त्यापुढच्या काही वर्षांचा. फियाटची कटकट नव्हती आणि आजचं कुलूपबंदपणही नव्हतं. इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर किल्ली फिरवताच मागच्या सीटखालून एकदोन सेकंद पेट्रोल पंपाची गुणगुण ऐकू यायची. स्टार्टर फिरतोय पण गाडी पेटत नाही आणि ती गुणगुणही नाही, की शेजारच्या घरातली मुलगीही सांगायची, “काका, पंपाचा फ्यूज आणि रिले बघा आधी.” हॉर्नचा रिले तसाच असेल तर तो काढून पंपाच्या जागी लावायचा, आणि गाडी निघायची.

आता माझ्या भाचीने घेतलेली गाडी पाहते. तिच्यात फ्यूज कमी झालेले नाहीत, उलट वाढले आहेत. आजच्या कित्येक गाड्यांत बॉनेटखाली आणि डॅशबोर्डखाली मिळून पन्नासहून अधिक फ्यूज सहज असतात, काही इतके बारीक की चिमट्याशिवाय निघत नाहीत. पण त्यांच्या आणि स्विचच्या मध्ये आता एक कॉम्प्युटर बसला आहे. खिडकीच्या काचेचं बटण दाबलं की ते फक्त विनंती पाठवतं आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल ठरवतं. काही रिले सर्किट बोर्डवरच डाग देऊन बसवलेले असतात, ते वेगळे मिळतच नाहीत. बऱ्याच ठिकाणी तर रिले आणि फ्यूज दोन्हींचं काम एक चिप करते. करंट वाढला की ती तो तोडते, नोंद ठेवते आणि कारण दूर झाल्यावर पुन्हा चालू होते. इंडिकेटरची टिकटिक आजही ऐकू येते, पण अनेक गाड्यांत तो आवाज स्पीकरमधून वाजवला जातो.

चाचांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. हातात स्कॅनर असतो. पंपाच्या सर्किटमध्ये दोष असेल तर पडद्यावर पी०२३० असा कोड येतो, आणि कुठून सुरुवात करायची हे पाच मिनिटांत कळतं. टेस्ट लॅम्प त्याने जपून ठेवला आहे, पण तो मॉड्यूलच्या वायरींना लावत नाही, कारण बल्बचा करंट नाजूक सर्किटला जड जातो. तिथे मल्टिमीटर. मात्र कोड आला म्हणून लगेच पंप बदलणाऱ्यांतला तो नाही. कोड फक्त सर्किटचं नाव सांगतो. त्यात फ्यूज गेलाय, रिले गेलाय, की उंदराने वायर कुरतडली आहे, हे तो वडिलांसारखंच टप्प्याटप्प्याने शोधतो. विद्या टिकली आहे ती अशा हातांत.

नव्या काळाने दिलेलं मी मनापासून मान्य करते. एलईडी दिव्यांना करंट कमी लागतो. वायरिंगचे जोड पाणी शिरणार नाही असे असतात. चंदेरी कागदाचा उद्योग नव्या मुलांना माहीतही नाही, हे फार चांगलं झालं. विजेवरच्या गाड्यांत तर काही शे व्होल्टची बॅटरी असते. गाडी चालू करताना खालून येणारा खट् आवाज तिच्या कॉन्टॅक्टरचा, म्हणजे रिलेच्याच दांडग्या भावाचा. तिथल्या नारिंगी केबलींना आणि त्यांच्या फ्यूजना प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये. तिथे अज्ञान जीव घेतं. पण त्याच गाडीत हॉर्न, वायपर, काचा यांच्यासाठी बारा व्होल्टची वेगळी व्यवस्था आणि ब्लेडचे तेच रंगीत फ्यूज आजही असतात, आणि पुस्तिकेत त्यांचं पान असतं.

मला हळहळ वाटते ती चिनी मातीच्या फ्यूजसाठी नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हाही वाईट वाटलं, पण यंत्रं जातातच. हळहळ याची की बिघाडासमोर थांबून विचार करण्याची सवय घरांतून निघून गेली. आज गाडीतला मोबाइल चार्जरचा सॉकेट बंद पडला की आपण मदतीच्या नंबरवर फोन करतो, माणूस येतो, दोन मिनिटांत फ्यूज बदलून जातो. गाडीचा मालक तेवढा वेळ फोनमध्ये पाहत उभा असतो. फ्यूज का गेला, हे येणारा सांगत नाही आणि आपण विचारत नाही. आठवड्याने तो पुन्हा जातो. ताप उतरवणारी गोळी दिली आणि ताप कशाने आला ते पाहिलंच नाही, तसं हे आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीने डॅशकॅम बसवायचं ठरवलं. “मावशी, झाकण उघडू का?” तिने विचारलं. आम्ही गाडी बंद केली, किल्ली काढली, पुस्तिकेतला नकाशा समोर ठेवला. एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या सर्किटला हात लावायचा नाही, हे आधी ठरलं. मग किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी, जिवावर न बेतणारी जागा तिने मल्टिमीटरने शोधली आणि तिथे फ्यूज टॅप बसवला. कॅमेऱ्याला किती वॅट लागतात, त्याचे अँपिअर किती, मग फ्यूज कितीचा, हा हिशेब तिने स्वतः मांडला. शाळेच्या पुस्तकातलं सूत्र पहिल्यांदाच कामाला आल्याचा आनंद तिच्या बोलण्यात होता.

म्हणून गाडी असलेल्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे. एका रविवारी मुलांना सोबत घेऊन गाडी बंद करा आणि फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा. कुठला फ्यूज कशाचा, ते नकाशावरून त्यांनाच वाचायला लावा. आपल्या गाडीच्या मापाचे, सगळ्या रंगांचे दोनदोन फ्यूज आणि एक साधा मल्टिमीटर गाडीत ठेवा. गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला, एक अँपिअरही जास्त नको. तो दुसऱ्यांदा गेला तर तिसरा घालू नका, कारण शोधा, आणि शोधता येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे जाऊन तो शोध संपेपर्यंत शेजारी उभे राहा. हा नियम कुर्ल्याच्या फियाटला लागू होता आणि आजच्या गाडीलाही तितकाच लागू आहे. तो पुढच्या पिढीच्या हातात देणं आपल्याला अजून सहज शक्य आहे.